दादरमधली चार शनिवारांची व्याख्यानमाला: राजा एथेलरेडची कारकीर्द

दादर पश्चिमेला एका छोट्या सभागृहात इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्यावर चार शनिवार चाललेली सशुल्क व्याख्यानमाला मी पूर्ण ऐकली. नऊशे रुपये वसूल झाले, पण ते प्रामुख्याने दुसऱ्या शनिवारी.

पहिल्या दिवशी ९७८ साली कॉर्फ येथे झालेला सावत्र भाऊ एडवर्ड याचा खून आणि पोरवयात एथेलरेडला मिळालेली गादी, एवढाच भाग झाला. मात्र त्याच्या 'अनरेडी' या बिरुदाची वक्त्यांनी केलेली उकल लक्षात राहिली: मूळ शब्द 'उनरेड', म्हणजे वाईट मसलत, एथेलरेड या नावाचा अर्थ 'उदात्त मसलत', त्यामुळे ती बोचरी कोटी आहे, तयारी नसल्याचा ठपका नव्हे.

दुसरे व्याख्यान खंडणीवर होते. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रजांचा सरदार बिर्टनोथ पडल्यावर डेन लोकांना, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या स्वाऱ्यांना, १०,००० पौंड देण्यात आले. एका पौंडाचे २४० पेनी धरले, तर ही चोवीस लाख चांदीची नाणी होतात. १०१२ साली हा आकडा ४८,००० पौंडांवर गेला. पडद्यावर एक पेनी मोठी करून दाखवली: एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसरीकडे ढगातून खाली आलेला देवाचा हात. ठरावीक वर्षांनी जुनी नाणी मागे घेऊन नवी पाडणारी टांकसाळींची यंत्रणा चोख होती, म्हणूनच एवढी रक्कम गोळा होऊ शकली, हे वक्त्यांचे म्हणणे मला पटले. चौथाईची गोष्ट आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. येथे देणाऱ्याचा हिशेब समोर आला.

तिसऱ्या शनिवारी मात्र १३ नोव्हेंबर १००२ रोजी राजाच्या हुकमाने झालेली डेन लोकांची कत्तल दहा मिनिटांत उरकली आणि उरलेला वेळ वंशावळीत गेला. शेवटच्या दिवशी, १०१३ साली डेन्मार्कचा राजा स्वेन याच्यापुढे हार पत्करून नॉर्मंडीला गेलेल्या राजाला पुढच्या वर्षी 'पूर्वीपेक्षा न्यायाने राज्य करीन' या अटीवर परत बोलावल्याचा प्रसंग उत्तम रंगला, परंतु वाटलेल्या टिपणात १०१४ ऐवजी १०४१ छापलेले होते आणि राजा तर १०१६ सालीच लंडनमध्ये वारला. चूक दाखवल्यावर आयोजकांनी पेनने दुरुस्ती करून दिली. मागच्या रांगेत पंख्याच्या घरघरीत वक्ता नीट ऐकू येत नाही, तेव्हा पुढची जागा धरावी.