कंपनीचा मेडिक्लेम १४ महिने वापरल्यावरचा माझा अनुभव

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पर्चेसला आहे मी. गेल्या वर्षी जॉइन झाले तेव्हा मेडिक्लेमची पीडीएफ मेलवर आली होती, ती मी उघडलीसुद्धा नाही. ३ लाखांचं कव्हर, त्यात मी, नवरा, मुलगा आणि माझे आईवडील, एवढं एचआरने पहिल्या दिवशी सांगितलं आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. आता एक मोठा क्लेम, दोन छोटे रिइम्बर्समेंट आणि एक हेल्थ चेकअप एवढं वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वीस हजार रुपये वाचले असते.

आधी चांगली गोष्ट. आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. अशा माणसाची स्वतंत्र पॉलिसी काढायला गेलं की जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (आधी ४ होती, २०२४ मध्ये नियम बदलला), आणि प्रीमियम ऐकूनच आपण परत येतो. आमच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत, कुणी मेडिकल टेस्ट मागितली नाही, नुसता आधार नंबर आणि जन्मतारीख भरली. ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे आहेत त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी त्यासाठी कंपनीची खरंच आभारी आहे.

आता आईचं. मंचरला असतात दोघं. फेब्रुवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं, आधी ॲसिडिटी समजून चार दिवस काढले, मग सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून टाका. भोसरीकडच्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं, कॅशलेस होतं (म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते), ई-कार्ड दाखवलं, काउंटरवर विचारलं रूम कुठली देऊ, आणि मी म्हटलं सिंगल द्या, आई दमलीय, तिला शांत झोप लागू दे. रोजचे ४,५०० रुपये. इथेच चुकलं.

आमच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा कव्हरच्या १ टक्का आहे, म्हणजे दिवसाला ३,०००. मला वाटत होतं की वरचे १,५०० गुणिले तीन दिवस, साडेचार हजार जास्तीचे भरू, काय एवढं. पण तसं नसतं. तुम्ही दीडपट महाग रूम घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी चार्जेस, नर्सिंग, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, म्हणजे आमच्या केसमध्ये ६० हजारांतले फक्त ४० हजार धरले. म्हणजे रूमचे साडेचार हजार आणि हे वीस हजार वेगळे. वर आईवडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपणच भरायचा, तेही त्या पीडीएफमध्येच होतं. वर ग्लोव्हज, मास्क, किट वगैरे जे पॉलिसीत बसतच नाही ते ४,८००. एकूण बिल १,१०,३०० आणि डिस्चार्जच्या दिवशी मी जवळजवळ ५४ हजार भरले. नवऱ्याने त्याच्या मित्राकडून पंधरा मागून आणले तेव्हा जमलं. आई बाहेर बाकड्यावर बसून सारखी विचारत होती, अगं कंपनीचा विमा आहे ना मग एवढे पैसे कशाचे.

घरी आल्यावर रात्री मी पहिल्यांदा ती पीडीएफ नीट वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे प्रमाणात कापणं औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना लागू होत नाही. आणि आमच्या सेटलमेंट लेटरमध्ये (क्लेमच्या हिशोबाच्या पत्रात) औषधं आणि रक्ततपासण्यांचे ३२ हजारही त्याच हिशोबाने एक तृतीयांश कापले होते!! मी ती ओळ हायलाइट करून, सेटलमेंट लेटर आणि बिलाचा ब्रेकअप जोडून टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी मधली कंपनी) मेल केला, एचआरला सीसीत ठेवलं. पहिलं उत्तर आलं, पॉलिसीच्या अटींनुसार बरोबर आहे. मग थेट विमा कंपनीच्या तक्रार विभागाच्या मेलवर तेच पाठवलं आणि खाली लिहिलं की उत्तर समाधानकारक नसेल तर बीमा भरोसा पोर्टल (विम्याच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. सतरा दिवसांनी को-पे कापून साडेआठ हजार खात्यात आले. म्हणजे शेवटी खिशातून गेले साडेपंचेचाळीस. तीन हजारांची रूम घेतली असती तर याच बिलात पंचवीसच्या आसपास गेले असते. एवढं करून त्या सिंगल रूममध्ये आईला झोप लागलीच नाही, तिला एकटीला भीती वाटत होती.

डिस्चार्जलाही बराच वेळ गेला. डॉक्टरांनी सकाळी ११ ला सोडलं, फायनल अप्रूव्हल आलं साडेचारला. आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२४ चा नियम आहे की ॲडमिशनच्या वेळी कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत द्यायचा, आणि तीन तासांच्या वर उशीर झाला म्हणून हॉस्पिटलने जास्तीचं बिल लावलं तर ते विमा कंपनीने सोसायचं. हे काउंटरवर माहीत असेल तर आपण निदान विचारू तरी शकतो. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसती बसून राहिले.

एक गोष्ट मात्र छान झाली. ॲडमिट व्हायच्या आधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, त्या आजारासाठीचा खर्च परत मिळतो आमच्याकडे. सोनोग्राफी, आधीच्या रक्ततपासण्या, नंतरची औषधं, फॉलोअपची फी हे सगळं टाकलं, को-पे कापून मिळालं. फक्त प्रत्येक औषधाच्या बिलासोबत प्रिस्क्रिप्शन लागतं, मेडिकलवाल्याकडून नुसती चिठ्ठी आणली तर रिजेक्ट होतं. माझी दोन बिलं अशीच गेली. आता मी सगळ्याचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, कागद हरवला तरी निदान तारीख आणि रक्कम हाताशी असते.

आता माझं स्वतःचं. पॉलिसीसोबत वर्षातून एक फ्री हेल्थ चेकअप आहे आणि आमच्या डिपार्टमेंटच्या २२ जणांपैकी ६ जणांनीच केला. बाकीच्यांचं म्हणणं, काही निघालं तर कंपनीला कळेल. मी एचआरला सरळ विचारलं, रिपोर्ट कुणाकडे जातो? आमच्याकडे तो फक्त आपल्या मेलवर येतो. तुमच्याकडेही आधी हेच विचारा, पण भीतीने टाळू नका, कळकळीने सांगतेय. मी ३९ ची, मला काहीही त्रास नव्हता, आणि बीपी निघालं १४६/९४ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. आईला बारा वर्षं बघतेय, त्यामुळे त्या रात्री मला झोप आली नाही.

डॉक्टरांनी आठवडाभर घरी बीपी मोजून आणायला सांगितलं आणि कसं मोजायचं तेही सांगितलं. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा नाही. तरीही १४० च्या आसपासच, मग गोळी चालू झाली. मीठ किती खाते हे मी पहिल्यांदा बघितलं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे साधारण एक चमचा, आणि आमच्या डब्यात रोज लोणचं, शेंगदाण्याची चटणी, कॅन्टीनचा पापड, संध्याकाळी फरसाण. पापड आणि फरसाण बंद केलं, लोणचं रविवारी फक्त. जेवणानंतर प्लांटच्या आतल्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चालते, आधी एकटी, आता स्टोअरची ताई पण येते. पावसात शेडखालीच फेऱ्या मारतो. सहा महिन्यांनी परत तपासलं, एचबीए१सी ५.८, बीपी १२६/८२, गोळी डॉक्टर म्हणेपर्यंत चालू राहणार. मेडिक्लेमच्या ॲपमधल्या स्टेप्स चॅलेंजचा मला काही उपयोग झाला नाही, मुलाला रात्री ताप आला तेव्हा फोनवर डॉक्टर मिळाले ते मात्र कामाला आलं.

ही स्टोअरची ताई कॉन्ट्रॅक्टवर आहे, तिला आमचा मेडिक्लेम नाही, आणि तिला वाटत होतं आपल्याला काहीच नाही. तिची पगाराची स्लिप बघितली तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातोय. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ०.७५ टक्के आपले आणि ३.२५ टक्के मालकाचे जातात, आणि त्यात कुटुंबाचा इलाज, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा असं बरंच आहे. तिचं कार्डच काढलेलं नव्हतं. मागच्या महिन्यात काढून घेतलं, आता गुडघ्याच्या औषधांसाठी जातेय.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. आईवडील पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत म्हणून एवढे, को-पे आणि रूमच्या मर्यादेसाठी कमी केले. आणि नोकरी सोडली की शेवटच्या दिवशी हे सगळं थांबतं, म्हणून नवऱ्याची, माझी आणि मुलाची ५ लाखांची वेगळी पॉलिसी आम्ही ऑक्टोबरमध्ये काढली, त्यात माझं बीपी आणि शुगरचा रिपोर्ट लपवला नाही, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला त्याचा थोडा आधार झाला.

आता आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. पॉलिसीत एका डोळ्याला ४० हजारांची मर्यादा आहे, लेन्स कुठली घ्यायची त्यावर सगळं अवलंबून आहे. यावेळी दोन हॉस्पिटलची एस्टिमेट आधीच मागवून टीपीएला पाठवलीत आणि लेखी विचारलंय की किती मंजूर होईल. उत्तर आलं की इथेच टाकेन.