सीडी1डी टेट्रामर: थायमसमधील दुर्मीळ पेशी ओळखणारे साधन

अटलांटा येथील एमोरी विद्यापीठात चालणाऱ्या एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) टेट्रामर कोर फॅसिलिटीचे पीबीएस-57 जोडलेले सीडी1डी टेट्रामर आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या थायमसमधील (टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीतील) एनकेटी पेशी ओळखण्यासाठी नियमितपणे वापरले जाते. सीडी1डी हे मेदरेणू दाखवणारे प्रथिन आहे; त्याचे चार रेणू चमकणाऱ्या रंगासह एकत्र जोडले की टेट्रामर होते. एनकेटी पेशी म्हणजे असे मेदरेणू ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजेच एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी. एनकेटीसारख्या अपारंपरिक टी पेशींच्या जडणघडणीवर काम करणाऱ्यांनी ते अवश्य मागवावे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वी या पेशी एनके1.1 या पेशीपृष्ठावरील खुणेवरून ओळखत; पण ती खूण कोवळ्या पेशींवर नसते आणि बाल्ब-सी या प्रयोगशाळेतील वाणाच्या उंदरांत तर मुळीच दिसत नाही. टेट्रामर थेट टी-पेशी रिसेप्टरलाच (पेशीच्या पृष्ठावरील ओळखणाऱ्या प्रथिनालाच) पकडते, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. पीबीएस-57 हा टेट्रामरवर बसवलेला मेदरेणू; ते ओकिनावाजवळच्या समुद्री स्पंजातून सापडलेल्या संयुगावरून घडवलेले, अधिक सहज विरघळणारे रूप आहे.

या पेशींची निवडच वेगळ्या वाटेने होते. सामान्य टी पेशींची निवड थायमसच्या उपकला (अस्तराच्या) पेशी करतात. एनकेटी पेशींना मात्र सीडी1डी दाखवणाऱ्या शेजारच्या कोवळ्या थायमस पेशीच निवडतात, आणि त्या भेटीत रिसेप्टरच्या तीव्र संदेशाला स्लॅम कुळातील रिसेप्टर आणि पेशीच्या आत त्यांचा संदेश पुढे नेणारी सॅप व फिन ही प्रथिने यांची जोड मिळाल्यावर ईजीआर2 व पुढे पीएलझेडएफ ही जनुके नियंत्रित करणारी प्रथिने वाढतात. सॅपचा जनुक बिघडलेल्या रुग्णांत एनकेटी पेशी जवळजवळ नसतात, यावरून या जोडीचे महत्त्व कळते. टेट्रामरसोबत पीएलझेडएफचे रंजन केले की बाल्ब-सी उंदरांत एनकेटी2 आणि ब्लॅक-6 या दुसऱ्या वाणाच्या उंदरांत एनकेटी1 या एनकेटी पेशींच्या उपगटाचे प्राबल्य स्वच्छ दिसते. हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. निवडीनंतरच्या अगदी पहिल्या टप्प्यातील, सीडी24 (कोवळेपणाची खूण) ठळक असलेल्या पेशी इतक्या विरळ असतात की चुंबकीय मण्यांनी त्या आधी वेगळ्या केल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नये. टेट्रामर पेशीची ओळख सांगते, संदेशाची तीव्रता नाही. त्यासाठी ईजीआर2 स्वतंत्रपणे मोजावे लागते. मृत पेशींना टेट्रामर चिकटते, म्हणून मेदरेणू न जोडलेल्या रिकाम्या सीडी1डीचे नियंत्रण सोबत मागवणे गरजेचे आहे. टेट्रामर गोठवू नये, 4 अंश सेल्सिअसला ठेवावे. एकदा वाहतुकीत आमचा खोका अडकून थंडावा गेला, तेव्हा रंजन इतके फिके आले की ती कुपी आम्ही वापरलीच नाही.

मेट पेशींसाठी (आणखी एक अपारंपरिक टी पेशींचा प्रकार) 5-ओपी-आरयू हा रेणू जोडलेले, सीडी1डीऐवजी एमआर1 या प्रथिनाचे टेट्रामरही त्याच फॅसिलिटीत मिळते. दोन्ही एकाच थायमसवर वापरल्यास पीएलझेडएफ असलेल्या या दोन वंशांची तुलना एकाच नळीत करता येते.