कानासाठी अमॉक्सी-क्लॅव्हची गोळी आणि कुत्र्याचं पोट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कानाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन (जिवाणू मारणारं औषध) आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची एकत्र गोळी, कानात टाकायचे ड्रॉप आणि पोट सांभाळायला सॅकरोमायसिस बौलार्डीची पुडी, हे तिन्ही घरच्या आणि वावरावरच्या कुत्र्यांना उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत देऊन पाहिलं. गोळी कामाची आहे. संडास पातळ होण्याचा त्रास मात्र खरा आहे, आणि तो बराचसा गोळी कोणती आणली आणि कशी दिली यावर ठरतो.

आधी गोळीची निवड. तालुक्याच्या गावी कुत्र्यांसाठीची गोळी बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून डॉक्टर माणसांची लिहून देतात. इथे 375 आणि 625 यांतला फरक नीट पाहा. 625 मध्ये 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि 125 क्लॅव्ह्युलॅनिक असतं, म्हणजे चारास एक. कुत्र्यांच्या गोळीतही हेच प्रमाण असतं. 375 मध्ये 250 ला 125, म्हणजे दोनास एक. मेडिकलमध्ये 'अर्धी करण्यापेक्षा लहानच न्या' म्हणून 375 हातात ठेवतात, आणि कुत्र्याच्या पोटात क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट जातं. आतड्याची हालचाल वाढवणारा घटक तोच, त्यामुळे हगवण बहुधा त्याचीच. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला दोन्ही घटक मिळून 12.5 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. 25 किलोच्या कुत्र्याला 625 ची अर्धी गोळी बरोबर बसते. कुत्रं याहून लहान असेल तर अंदाजाने तुकडे पाडू नका, वजन करून डॉक्टरांना विचारा. धान्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, एवढं पुरतं.

गोळी कापली की वरचं आवरण जातं, कडू लागते आणि ओल धरते. क्लॅव्ह्युलॅनिकला दमट हवा अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात उरलेली अर्धी उघडी ठेवली तर दुसऱ्या दिवशी पिवळसर-तपकिरी डाग दिसतात, ती फेकून द्यायची. अर्धी गोळी स्ट्रिपच्याच चांदीत घट्ट गुंडाळून कोरड्या डबीत ठेवा आणि पुढच्या वेळेला तीच संपवा. मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या फळीवर औषध ठेवू नका, घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा.

गोळी उपाशीपोटी दिली की पिवळं पाणी ओकतात. अर्धी भाकर खाऊ घाला, मग भाताच्या गोळ्यात गोळी लपवून द्या, मग उरलेली भाकर. एवढ्याने ओकारी बरीच थांबते. भाकर दुधात कुस्करायची सवय मात्र या दिवसांत बंद ठेवा. मोठ्या कुत्र्यांना दूध पुष्कळदा पचत नाही, आणि दुधाने झालेली हगवण गोळीच्या नावावर लागते. या गोळीसोबत साधं दही चालतं. पण डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन ही जिवाणूंवरची दुसरी औषधं दिली असतील (गोचिडांच्या तापात डॉक्सी देतातच), तर दही-दुधातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं, म्हणून मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. डॉक्सी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागून घास आणि पाणी द्याच.

आता पुडी. सॅकरोमायसिस बौलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे जिवाणू मारणाऱ्या औषधाने ते मरत नाही, गोळीसोबत दिलं तरी चालतं. दह्यातल्या किंवा इतर पुड्यांतल्या जिवाणूंसाठी मात्र वेळ पुढेमागे करावी लागते. 20 किलोच्या आसपासच्या कुत्र्याला 250 मिलिग्रॅमची पुडी दिवसातून दोनदा, गार किंवा कोमट भातात दिली. वाफाळत्या भातात टाकली तर वाया जाते. पहिल्या गोळीपासूनच सुरू केली तर उपयोग जास्त जाणवला, हगवण लागल्यावर सुरू केली तर फरक हळू पडला. एक अडचण पाकिटावरून लक्षात येत नाही: कानात मॅलासेझियाची बुरशी असेल आणि तोंडावाटे इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध चालू असेल, तर ते या यीस्टलाही मारतं. तेव्हा या पुडीवर पैसे घालू नका. इट्राकोनाझोलनेही भूक मंदावते आणि ओकाऱ्या होतात, ते डॉक्टरांना सांगा.

संडास पातळ झालीच तर एक भाग उकडलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं कोंबडीचं मांस आणि दोन भाग मऊ भात, दिवसाचं खाणं चार वेळा वाटून. चमचा-दोन चमचे उकडलेलं कोहळं त्यात चांगलं चालतं. कांदा, लसूण, तिखट रस्सा काही नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, कमी पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं, आणि थोडंथोडं पाजा. तयार गोड पेयात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. हगवण थांबवणारी माणसांची गोळी स्वतःहून देऊ नका.

डांबरासारखी काळी संडास, रक्त, सतत ओकाऱ्या, हिरड्या कोरड्या-चिकट, किंवा मानेची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहणं: यात वाट पाहायची नाही. 45 अंशांच्या उन्हात तर सकाळची हगवण दुपारपर्यंत कुत्र्याला आडवं करते. काळ्या संडाशीत आधी बघा, कानाच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम सोबत तर चालू नाही ना. दोन्ही मिळून जठरात जखमा करतात. घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन तर हातातही घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते गोळी लिहिण्याआधी: ही लागतेच का? बाहेरच्या कानाचा संसर्ग बहुतेकदा ड्रॉपनीच बरा होतो, कारण औषध थेट जागेवर पोचतं. तोंडावाटे दिलेली गोळी कानाच्या नळीत फार कमी पोचते. ती लागते कानाच्या पडद्यामागे संसर्ग गेला असेल तेव्हा, किंवा नळीत खोल जखमा असतील तेव्हा. कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवाणू आहेत, बुरशी आहे की कानातले किडे, हे कळतं. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते. पावसाळा संपताना एकाच कानाने अचानक डोकं झटकायला लागलं, तर आत कुसळ असू शकतं. ते काढल्याशिवाय ना गोळी लागू पडते, ना ड्रॉप.

पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी गोळी बंद केली तरी ड्रॉप सोडू नका. ड्रॉप टाकण्याआधी पडदा शाबूत आहे का हे तपासून घ्या, फाटलेल्या पडद्यात जेंटामायसिनसारखं औषध ऐकू येणं घालवू शकतं. टाकल्यावर कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळा आणि नंतर कुत्र्याला दहा मिनिटं बांधून ठेवा, म्हणजे झटकलेलं औषध ते किंवा अंगणातलं दुसरं कुत्रं चाटणार नाही.