मागच्या जीपला ब्रेक लावून अकरा महिने

मोटरहोममागे, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीमागे, जीप ओढताना जीपचं ब्रेक पेडल आपोआप दाबणारा डबा घेतल्याला आता अकरा महिने झाले. त्याच्यासोबत साधारण नऊ हजार मैल झालेत. त्याआधी आठ महिने हीच जीप याच मोटरहोममागे मी ब्रेकविना ओढत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडाफार अधिकार आहे असं समजतो.

आमची मोटरहोम क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची, ३१ फुटी, फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेली. मागे चार दारांची जीप रँग्लर, चारही चाकं जमिनीवर. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकली की जीप निमूटपणे मागे येते, म्हणूनच अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांची ती लाडकी. अशा ओढलेल्या गाडीला इथे सगळे ‘टोड’ म्हणतात. इंग्रजीत ‘ओढलेली’ (towed) आणि ‘बेडूक’ (toad) यांचा उच्चार सारखाच, त्यावरचा हा विनोद. आमच्या घरात तिला अजून जीपच म्हणतात.

ब्रेकविना ते आठ महिने कसे गेले? छान गेले, आणि तिथेच गोची होती. ओळखीतले एक काका चाळीस फुटी डिझेल कोच, म्हणजे मोठी मोटरहोम, चालवतात. ते म्हणायचे, “अरे, मागे गाडी आहे हे कळतसुद्धा नाही. कशाला हजार-बाराशे डॉलर घालवतोस?” खरंच कळत नाही. कोरडा सपाट रस्ता आणि पुढे तीन-चार ट्रकांएवढं अंतर असेल तर जीप आहे काय, नाही काय. मग ऑरेगनमध्ये आय-५ महामार्गावरून भर पावसात एका एक्झिटला उतरलो. रॅम्पला वळण होतं आणि शेवटी सिग्नल. तो पिवळा झाला. मी ब्रेक दाबला आणि पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसा धक्का बसला. मोटरहोमचं बूड हातभर बाहेरच्या बाजूला सरकलं, कपाटातली भांडी खणखणली, आणि आम्ही थांबलो ते पांढऱ्या पट्टीच्या पुढे, पादचाऱ्यांच्या जागेत. तिथे कुणी चालत नव्हतं, एवढंच नशीब. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मामला गंभीर असतो.

त्या रात्री वजनाचे कागद काढले. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर आम्ही वजन केलं होतं, पण मी फक्त हिच (मोटरहोमच्या मागचा जोड) आणि टो बारच्या (जीप ओढायच्या दांड्याच्या) मर्यादेत बसतोय का तेवढं पाहिलं होतं. मोटरहोम भरलेली १३,६०० पौंड, जीप ४,३००. एकूण १७,९००. चासीचा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे दोन्ही गाड्या मिळून वजनाची कमाल मर्यादा, २२,०००. त्यामुळे मी खुशीत होतो. पण ब्रेकचा हिशेब त्या आकड्याशी नाहीच. फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये साफ लिहिलंय की मोटरहोमच्या चासीचे ब्रेक जीव्हीडब्ल्यूआरसाठी, म्हणजे एकट्या भरलेल्या गाडीच्या कमाल वजनासाठी आहेत, जीसीडब्ल्यूआरसाठी नाहीत. आणि मागे १,५०० पौंडांहून जास्त काही असेल तर त्याला स्वतंत्र चालणारे ब्रेक हवेत. ई-४५० चा जीव्हीडब्ल्यूआर १४,५००. म्हणजे इंजिनाला १७,९०० ओढायची परवानगी आहे, पण ब्रेकच्या हिशेबात मी ३,४०० पौंडांनी वर होतो. आठ महिने.

याच्यापुढची गोष्ट मला उशिरा उमगली. जीपचं वजन जीपच्याच टायरांवर असतं, ते मोटरहोमच्या टायरांवर येत नाही. त्यामुळे थांबवायचा भार सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो, पण थांबवणाऱ्या टायरांची पकड होती तेवढीच राहते. कागदावर ६० मैलांच्या वेगाला एकटी मोटरहोम दोनशे फुटांत थांबत असेल, तर ब्रेक नसलेली जीप मागे लावल्यावर तिला २६० च्या वर लागतील. म्हणजे चार जीप एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढी जास्त.

कायद्याचं विचाराल तर नुसता गोंधळ आहे. बऱ्याच राज्यांत ट्रेलरला ब्रेक सक्तीची सीमा ३,००० पौंड आहे, पण सगळीकडे नाही. शिवाय टो बारनं ओढलेली मोटार ही ‘ट्रेलर’ धरायची की नाही, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाचा नियम निराळाच. ओढलेली गाडी २,००० किलोच्या आत आणि मोटरहोमच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या ४० टक्क्यांच्या आत असेल तर ब्रेकची सूट. आमची रिकामी जीप तिथे पन्नासेक किलोंनी सुटते. पण सरहद्द ओलांडली म्हणून ती काही हलकी होत नाही.

आता डब्याकडे येतो. पर्याय बरेच आहेत. एअर ब्रेकवाल्या मोठ्या कोचला हवेच्या लाइनवर चालणारी कायमची यंत्रणा बसते. काही यंत्रणा टोडच्या ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम पुरवतात. आमचे ब्रेक हायड्रॉलिक आणि जीप दोन-तीन वर्षांत बदलायचा विचार, म्हणून काढता-घालता येणारा डबा घेतला. साधारण १,३०० डॉलर पडले. ड्रायव्हरच्या पायापाशी तो ठेवायचा, पाठ सीटला टेकवायची आणि पुढचा दांडा पेडलला अडकवायचा. आतल्या सेन्सरला वेग कमी होतोय हे कळलं की दांडा पेडल दाबतो. दोन बटणं आहेत, एक किती लवकर दाबायचं त्यासाठी, दुसरं किती जोरात त्यासाठी.

फरक पडतो का? एका रविवारी सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर ४० मैलांच्या वेगानं एका खांबापाशी ब्रेक दाबून पाहिला, आधी डबा बंद ठेवून, मग चालू करून. मग पावलं मोजली. बंद असताना ५३ पावलं, चालू असताना ४२. माझा पाय दोन्ही वेळा सारखाच पडला असेल याची खात्री नाही, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा होता तो पाठीतला धक्का. तो गेला. उलट मागून कुणीतरी हलकेच धरून ठेवल्यासारखं वाटतं.

लावताना एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. जीपचं इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दगडासारखं कडक होईपर्यंत. बूस्टरमध्ये व्हॅक्यूम उरला असेल तर पहिल्या एक-दोन वेळा तेवढ्याच जोरात ब्रेक फारच कचकन लागतात आणि चाकं जाम होऊ शकतात. सगळं मिळून सात-आठ मिनिटं जातात. डबा जड आहे. मुक्कामाला पोचून जीप चालवायची म्हटलं की तो काढून कुठेतरी कोंबावा लागतो, आणि तो कुठेतरी म्हणजे नेहमी बायकोच्या पायापाशी.

आता माझी चूक, आणि ती लपवण्यासारखी नाही. तिसऱ्या महिन्यात घाईत सीट एक खाच जास्त पुढे ओढली. दांडा पेडलवर बोटभर टेकून राहिला. ब्रेक पूर्ण लागले नव्हते, नुसते घासत होते. मोटरहोमच्या केबिनमध्ये डबा ब्रेक दाबतोय का ते दाखवणारा मॉनिटर असतो, त्यावर लाल दिवा लागला असणार, पण तो मी अशा जागी चिकटवला होता की दुपारचं ऊन थेट त्यावर पडायचं. लाल दिवा चालू काय, बंद काय, दिसतच नव्हतं. चाळीस मैलांनी रेस्ट एरियात उतरलो तर जळक्या क्लचसारखा वास. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकलो, तर हात लावायच्या आधीच चेहऱ्यावर गरम वाफ आली. डिस्कवर निळसर-जांभळी झाक चढली होती. अशानं गाडी पेटू शकते. तासभर थांबलो, डबा काढला, आणि पुढच्या गावात पुढचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदलून घेतले. सहाशे डॉलर गेले. त्यात डब्याचा दोष मी धरत नाही. पण ज्यांना वाटतं की ब्रेक लावले की काळजी मिटली, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ब्रेक नसण्याचा धोका वेगळा आणि ब्रेक लागून राहण्याचा वेगळा, आणि दुसरा ड्रायव्हरला जाणवतच नाही. मोटरहोमचं पावणेसात लिटरच्या जवळपासचं व्ही-१० इंजिन नुसतं थोडं जास्त पेट्रोल पितं.

तेव्हापासून मॉनिटर स्टिअरिंगच्या मागे सावलीत आहे, आणि एक तापमान मोजायची बंदूक घेतली. प्रत्येक थांब्याला जीपच्या चारही चाकांवर मारतो. सपाटीवर शंभर-सव्वाशे फॅरनहाइटच्या आसपास दाखवते. एक चाक इतरांपेक्षा वेगळं वागलं की थांबायचं.

घाटातला अनुभव मात्र अपेक्षेच्या उलट निघाला. आय-८४ वर ऑरेगनमध्ये कॅबेज हिल नावाचा उतार आहे, सहा टक्क्यांचा, सहा मैलांत सुमारे दोन हजार फूट खाली, मध्ये दोन मोठी उलटी वळणं. मला वाटलं होतं तिथे डबा कामाला लागेल. पण टो-हॉल मोडमध्ये (ओझं ओढतानाच्या गिअरच्या मोडमध्ये) गिअर खाली टाकून, इंजिनाच्या ओढीवर उतरलं, मध्ये मध्ये दाबून सोडत ब्रेक लावले, तर डबा जवळजवळ गप्पच बसला. वेग हळूहळू बदलतो, सेन्सरला तो ब्रेक वाटत नाही. आणि ते बरंच आहे. सहा मैल जीपचे ब्रेक घासत ठेवणं म्हणजे पुन्हा ती निळी डिस्क. उतार इंजिनानं उतरायचा, डबा अचानक थांबण्यासाठी.

त्याउलट लुईझियानात आय-१० वरचा अचाफलाया बेसिनचा पूल. अठरा मैल लांब आणि काँक्रीटच्या जोडांवरून सतत ठकठक. सेन्सर जास्त तिखट ठेवला होता, तर दर जोडाला मॉनिटरचा दिवा चमकायचा. पुलावर थांबून बटण फिरवता येत नाही. तसाच दात-ओठ खात पार केला. आता खराब रस्ता येणार असेल तर आधीच दोन पायऱ्या खाली आणतो.

किरकोळ कुरकुरी: डबा जीपच्या बॅटरीवर चालतो. सहा तास चालवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सुरूच होईना. मोटरहोमकडून चार्जची वायर ओढून घेतल्यावर तो प्रश्न संपला. ती वायर पहिल्या दिवशीच घाला.

ब्रेकअवेबद्दल फार कमी लोक बोलतात. टो बार तुटला किंवा निसटला तर एक बारीक केबल पिन ओढते आणि डबा जीपचे ब्रेक दाबून ठेवतो. मी सुरुवातीला ती केबल टो बारलाच बांधली होती. म्हणजे टो बार हिचमधून निसटून जीपसोबत गेला असता, तर केबलही त्याच्याबरोबर गेली असती आणि पिन जागच्या जागी. आता ती मोटरहोमच्या चासीला बांधलेली आहे. महिन्यातून एकदा पिन ओढून पेडल खाली जातं का बघतो.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं तेच, मागे गाडी आहे हे कळतच नाही. मी त्यांना वजनाचा कागद काढायला सांगितला. त्यांच्या कोचला एअर ब्रेक आहेत आणि मागे छोटी गाडी, त्यामुळे त्यांचा हिशेब माझ्याइतका वाईट येणार नाही. पण पिनवाली केबल तरी लावा म्हटलं. त्यावर ते “बघू” म्हणाले.

मी स्वतः पुन्हा घेईन का? हो, पण पुढची टोड ठरली की कायमची यंत्रणा बसवेन, सीटची खाच माझ्या हातात राहणार नाही अशी. तोवर हाच डबा. निघताना बायको जीपच्या सीटची खाच स्वतः मोजते, आणि मग मॉनिटर चालू असल्याचं मोठ्यानं म्हणायला मला लावते.