सरकारी वकील आणि कादंबरी: लिहायची कधी, छापायची कधी?

सेशन्स कोर्टात बरीच वर्षं काढलेल्या सरकारी वकिलाला कधी ना कधी वाटतंच, यातून एक कादंबरी होईल. मालमसाला तर रोज समोर येतो. अडतं ते एवढ्यावरच, की नोकरीत राहून लिहायचं, नोकरीत असतानाच छापायचं, की राजीनामा दिल्यावर निवांत बसायचं? अमेरिकेत हे तिन्ही करून झालेलं आहे.

स्कॉट टुरो १९७८ ते १९८६ शिकागोत केंद्र सरकारचा वकील होता. लाचखोर न्यायाधीशांवरचे गाजलेले खटले त्याने चालवले. कादंबरी लिहिली ती सकाळी कामावर जाताना, लोकलमध्ये. (डोंबिवलीहून सुटणाऱ्या आठच्या फास्टमध्ये हे जमवून दाखवा, असं त्याला सांगावंसं वाटतं.) नोकरी सोडली, खाजगी फर्ममध्ये रुजू होण्याआधी पुस्तक पुरं केलं आणि १९८७ मध्ये ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’ आलं. त्यात खुनाचा आरोपी खुद्द सरकारी वकीलच आहे. त्याच्या बोटांचे ठसे असलेला एक काचेचा ग्लास हा मोठा पुरावा, आणि ऐन खटल्यात तो ग्लासच सापडत नाही. मुद्देमाल मागवल्यावर ‘बघतो साहेब, इथंच होता’ हे उत्तर ज्याने ऐकलंय, त्याला हा प्रसंग कुठून आला ते सांगावं लागत नाही. शहर मात्र काल्पनिक, काउंटीही काल्पनिक. खटला उचलायचा नाही, कचेरी उचलायची, ही त्याची खरी युक्ती. एक गोष्ट लोक विसरतात: वकिलीकडे वळण्याआधी तो स्टॅनफर्डमध्ये लेखन शिकला होता, शिकवतही होता. नुसत्या कोर्टाच्या अनुभवावर हे पुस्तक झालेलं नाही.

लिंडा फेअरस्टीनची वाट वेगळी. मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयात १९७२ पासून; १९७६ ते २००२ लैंगिक गुन्ह्यांच्या विभागाची प्रमुख. पहिली कादंबरी १९९६ मध्ये, म्हणजे खुर्चीवर असतानाच. नायिकाही मॅनहॅटनमध्ये तेच काम करणारी सरकारी वकील. वाचकाचा विश्वास आयता मिळाला आणि मालिका वर्षानुवर्षं चालली. पण पदाच्या जोरावर पुस्तक खपवलं की पदाचं बरंवाईट पुस्तकालाही चिकटतं. तिच्याच कार्यालयाने चालवलेल्या १९८९ च्या सेंट्रल पार्क बलात्कार प्रकरणात शिक्षा झालेल्या पाच मुलांची दोषसिद्धी २००२ मध्ये रद्द झाली. त्यावरची टीव्ही मालिका २०१९ मध्ये आली आणि फेअरस्टीनच्या प्रकाशकाने तिच्याशी संबंध तोडले.

मार्शा क्लार्कबद्दल थोडक्यात. अमेरिकेतला नामांकित फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावरचा खुनाचा खटला तिने चालवला, १९९५ मध्ये सिम्पसन निर्दोष सुटला, तिने नोकरी सोडली. आधी आठवणींचं पुस्तक, पहिली कादंबरी थेट २०११ मध्ये. मोकळीक पूर्ण, इतकी की पुढच्या मालिकेची नायिका तिने बचाव पक्षाची वकील केली. पण तिचं नाव आधीच घराघरांत पोचलेलं होतं. तुमच्याआमच्या राजीनाम्याची बातमी बार रूमच्या पलीकडे जात नाही.

माझं मत टुरोच्या बाजूने: लिहा नोकरीत, छापा नंतर. नोकरीत लिहावं कारण साक्षीदार फितूर होण्याआधी कसा चुळबुळतो, पंच उलटतपासणीत कुठे अडखळतो, हे पाच वर्षांनी तसंच्या तसं आठवत नाही. छापायला थांबावं कारण सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, त्याने निःपक्ष राहायचं असतं. तुमच्या कादंबरीत प्रत्येक आरोपी नीच निघाला, तर एखादा बचाव पक्षाचा वकील ते पान भर कोर्टात वाचून दाखवेल.

आपल्याकडे आणखी एक फरक. एमपीएससीतून आलेले सहायक सरकारी अभियोक्ता कायम नोकरीत, त्यांच्यासाठी ‘नंतर’ म्हणजे बहुधा निवृत्ती. तेवढं थांबवत नसेल, तर महाराष्ट्र नागरी सेवांचे १९७९ चे वर्तणूक नियम काढून वाचा आणि परवानगीचं काय ते कार्यालयाकडून लेखी घ्या. जिल्हा सरकारी वकील बहुतेक वेळा वकिली करणाऱ्यांतूनच मुदतीवर नेमले जातात. मुदत संपली की त्यांना आपोआप मोकळीक, म्हणून त्यांनी घाई करण्यात काहीच मतलब नाही. बलात्काराच्या खटल्यावर लिहिणार असाल तर मात्र दोघांनाही नियम एकच: पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, नातं, तारीख, सगळंच बदलावं लागतं.