रत्नागिरी की सिंधुदुर्ग? कायमचं गावाला जाण्याआधी

मुंबईची खोली विकून कोकणात जाणारा पहिल्यांदा गुंठ्याचा भाव विचारतो. मी म्हणेन, आधी हे विचारा: गणपती आणि मे महिना सोडून वाडीत किती चुली पेटतात?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतूनच सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि दुखणं दोघांचं एकच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची मात्र १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष कुठे गेले, हे चाकरमान्यांच्या घरात वेगळं सांगायला नको.

नोकरी हवी असेल, मुलं शाळेत असतील, तर माझा कौल रत्नागिरीला. लोटे-परशुरामचे रासायनिक कारखाने, जयगडचं बंदर, मिरकरवाड्याची मासेमारी, चिपळूणची बाजारपेठ, दापोलीचं कृषी विद्यापीठ; बारमाही पगाराच्या वाटा इथे जास्त आहेत. शिवाय मुंबई जवळ: चिपळूण साधारण २५० किलोमीटर, सावंतवाडी जवळजवळ दुप्पट.

सिंधुदुर्गाचं पोट हंगामावर चालतं. देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, मालवण-तारकर्लीचे पर्यटक. मोहोर गळला की वर्षाचं गणित कोसळतं. पण सावंतवाडी-दोडामार्गाला गोव्याचा मोठा आधार आहे. पोरं दुचाकीवरून तिथे कामाला जातात, मोठं आजारपण आलं की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावते. पेन्शन हातात असेल आणि शांतपणे राहायचं असेल, तर मी कुडाळ-सावंतवाडीचा पट्टा निवडेन. रेल्वे आहे, बाजार आहे, माणसं आहेत.

घराचं म्हणाल तर दोन्हीकडे बंद घरं भरपूर, विकाऊ मात्र थोडी. परवाच एक घर पाहिलं. चिऱ्याच्या भिंती अजून ठणठणीत, पण माकडांनी उड्या मारून कौलं फोडलेली, दाराच्या चौकटीला वाळवी, पडवीतल्या झोपाळ्याची एकच कडी शिल्लक. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत. वारसनोंद पूर्ण होऊन सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत इसार देऊ नका. शेतजमीन घेणार असाल तर तुमच्या नावावर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो आधी हाताशी ठेवा.

चिपळुणात घर घेताना २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी त्या आळीत कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. काही भिंतींवर खूण दिसेल. विहीर मात्र दोन्ही जिल्ह्यांत मे अखेरीसच पाहायची. पाऊस धो-धो पडतो, पण इथला जांभा दगड पाणी धरत नाही. सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर पाहून व्यवहार केलेले लोक एप्रिलात टँकरची वाट बघताना मी पाहिलेत.