डीसीपीच्या गोणीत मार्बल पावडर, कोंबडीवाल्यांनो बघून घ्या

भावांनो, पारोळा-अमळनेर-धरणगाव पट्ट्यात ज्यांचं गावरान नाहीतर कावेरी जातीच्या पिल्लांचं शेड आहे आणि तयार फीड परवडत नाही म्हणून जे मका-सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) आणून घरीच खाद्य बनवतात, त्यांच्यासाठी लिहितोय. एक एजंट बाईकवर फिरतोय, बोलायला एकदम गोड, आल्या आल्या भाऊ-दादा करून शेडात शिरतो, पिल्लं हातात घेऊन बघतो आणि मग डीसीपीची (डायकॅल्शियम फॉस्फेट, हाडांसाठी खाद्यात मिसळतात ती कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) गोणी अन सोबत व्हिटॅमिन डी३ चा डबा असं दोन्ही मिळून दुकानापेक्षा बऱ्याच कमी भावात देतो. मी पण घेतलं. बिल मागितलं तर म्हणे "पुढच्या फेरीत आणतो दादा, गाडीत बुक नाही". पैसे फोनवर घेतले, ते पण तिसऱ्याच कोणाच्या नावावर गेले.

तीन आठवड्यांच्या आसपास पिल्लं बसायला लागली. आधी वाटलं उन्हामुळे, आपल्याकडचा मे म्हणजे सांगायलाच नको. पण मग पायावर उभीच राहीनात, गुडघ्यावर सरकत दाण्याकडे जायची, चोच बोटाने दाबली तर वाकायची. आई शेडात आली आणि बघून एवढंच म्हणाली, "हाई काय व्हयनं रे भो".

डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. निरोगी पिल्लाच्या पायाचं हाड दोन्ही हातांनी मोडलं की कट्‌कन आवाज येतो, हे ओली पऱ्हाटी वाकते तसं नुसतं वाकलं. बरगड्या जिथे पाठीला जुळतात तिथे गाठी आलेल्या. म्हणाले मुडदूस आहे, डीसीपी दाखवा.

चमचाभर डीसीपी काचेच्या ग्लासात घेतलं आणि बाथरूम धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ करून वरून थोडं ओतलं (ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि तोंड लांब ठेवायचं). सोडा फसफसतो तसा फेस ग्लासच्या काठापर्यंत! खरं डीसीपी असं फसफसत नाही, गपचूप विरघळतं. फेस आला म्हणजे त्यात चुनखडी नाहीतर मार्बलची पावडर, जी कवडीमोल मिळते.

आता कोणी म्हणेल मार्बल पण कॅल्शियमच ना, मग बिघडलं कुठे. बिघडलं फॉस्फरसमध्ये. चांगल्या डीसीपीत तो साधारण १८ टक्के असतो, मार्बलमध्ये जवळपास नाहीच. मका-सोयात फॉस्फरस आहे पण त्यातला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, कोंबडीला पचत नाही. वरून कॅल्शियम जास्त झालं की होता तो फॉस्फरस पण अंगी लागत नाही. म्हणून डीसीपी खोटं निघालं की डी३ कितीही द्या, हाड बनत नाही. डी३ च्या डब्यावर तर एक्सपायरीच्या जागी वरून स्टिकर चिकटवलेलं होतं, नखाने काढलं तर खाली जुनी तारीख. आणि बंद शेडातल्या पक्ष्याला ऊन मिळत नाही, त्याला खाद्यातला डी३ हाच आधार.

डॉक्टरांनी दुकानातून बिलावर खरं डीसीपी आणायला लावलं, पाण्यातून डी३ दिला. कमी त्रास होता ती पिल्लं सावरली, ज्यांचे पाय वाकून गेले ती तशीच राहिली आणि व्यापाऱ्याने लंगडा माल म्हणून भाव पाडला तो वेगळाच.

एजंटला फोन केला तर आधी "तुमच्या पाण्यात क्षार जास्त आहेत दादा", मग "पिल्लंच कमजोर आली असतील", मग फोन बंद. पैसे गेल्याचा मेसेज, गोणीचा फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार टाकलीय. स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणारा माणूस ग्राहक कायद्यात ग्राहकच धरला जातो, तेव्हा "तुम्ही व्यापारी आहात" म्हणून कोणी परतवलं तर ऐकू नका. उरलेली अर्धी गोणी तोंड शिवून ठेवलीय, जवळपासच्या कोणाला आपल्या गोणीशी ताडून बघायची असेल तर या.